भिंतीला लावलेला कान

३ फेब्रुवारी, सोमवार

आलो एकदाचे. टेम्पोवाला वाटेत रस्ता चुकला आणि चूक माझीच असल्यासारखा माझ्याकडे बघत राहिला. हिनं भिंतीवरचं घड्याळ पूर्ण प्रवासभर मांडीवर धरलं होतं. सामानात ठेवलं तर फुटेल, हा हट्ट. उतरताना तिच्याच हातून काच गेली. मी काचा वेचल्या. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणूस कुठं बोलायचं ते शिकतो, आणि त्याहून जास्त, कुठं नाही ते.

ही रोजनिशी मुलीनं दिली. म्हणाली, बाबा, वर्कशॉप विकलंत, आता हात रिकामे राहिले तर तुम्ही आईचं डोकं खाल. म्हणून लिहितोय.

घर फक्कड आहे. खाली दगड, वर लाकडी माडी. गावाच्या टोकाला, पण गाव दिसतं. दलालानं इतक्या स्वस्तात का दिलं ते कळत नाही. छप्पर ठोकून बघितलं, तुळया ठोकून बघितल्या, सगळं खणखणीत. माडीच्या मागच्या भिंतीत एक गंमत आहे. तिथं दार आहे, पण पुढं काही नाही. पूर्वी बाहेरून जिना होता, तो पडला, दार राहिलं. उघडलं की समोर हवा, आणि खाली मागच्या अंगणातली फरशी. हिला ते दार फार आवडलं. दमेकरी बाई, वारा लागला की जीव हलका होतो. गंजलेला बोल्ट घासून तेल दिलं. आता एका बोटानं सरकतो, कुरकुर नाही, काही नाही. दारापुढे एक आडवी पट्टी मारायला हवी. उद्या मारतो.

या बाईनं वर्कशॉपच्या मागच्या खोलीत सगळा जन्म काढला. डिझेलचा धूर आणि मोटारींची घरघर. तेव्हा वचन दिलं होतं की शेवटी एका शांत घरात नेईन. दिलं बघ, म्हणालो. ती म्हणाली, शांतता मिळाली खरी, पण तुमचं घोरणं बरोबर आणलंत. साऱ्या जगातली बारीक कुरकुर तुम्हाला ऐकू येते, तेवढं स्वतःचं घोरणं येत नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

गावकरी भले आहेत, पण वल्ली आहेत. आमच्या घरासमोरून जाताना चपला हातात घेतात. काल एक जण बैल घेऊन जात होता, त्यानं बैलाच्या गळ्यातली घंटा मुठीत धरली होती. हिला म्हणालो, बघ, किती मान आहे आपल्या घराला. आधी कुणीतरी थोर माणूस राहून गेला असणार.

शेजारच्या म्हातारीला सगळे आत्या म्हणतात. ती दारात आली, हातवारे करून विचारपूस केली, पाण्याची वेळ बोटांवर सांगितली आणि गेली. बिचारी मुकी, असं आम्ही धरून चाललो. संध्याकाळी मी तिच्या परड्यामागून आलो तर बाई शेळीला अशा शिव्या घालत होती की माझ्या वर्कशॉपातली पोरंसुद्धा लाजली असती.

दुपारी जेवून पडलो की माडीवरून आवाज येतात. लाकूड तापतं, हलतं, तसे नव्हे. माझं सगळं शिक्षण कानानं झालं आहे. शाळेनं मला चौथीत सोडलं, मोटारींनी नाही सोडलं. बंद शटरबाहेरून मी सांगायचो की आत बेअरिंग गेलं आहे की शाफ्ट वाकला आहे. हिच्या छातीतली बारीक शिट्टी तिच्या आधी मला ऐकू येते. दम लागायच्या आत मी तिचा पंप तिच्या हातात ठेवलेला असतो. डॉक्टर म्हणायचे, या बाईचं औषध म्हणजे या माणसाचे कान. म्हणून सांगतो, ते लाकूड नव्हे. पायानं चालवायचं शिलाई मशीन आहे ते. थांबत, सुरू होत.

९ फेब्रुवारी, रविवार

न्हाव्याकडे गेलो. माणूस बोलका, पण घराचा विषय काढला की वस्तरा हळू चालायचा. शेवटी बोलला. आधी तिथं एक शिंपी राहायचा. त्याच्यानंतर एक कंपाउंडर. मग शाळेतल्या एक बाई आणि त्यांची थोरली बहीण. मग बरीच वर्षं कुणी नाही, आता तुम्ही.

शिंप्याचं काय झालं म्हणालो. म्हणाला, काही नाही, म्हातारा झाला, गेला. मात्र शेवटी शेवटी तो फार शांत झाला होता. मशीन चालवायचा, पाय हलताना दिसायचे, कपडा शिवून व्हायचा, पण आवाज नसायचा. मी म्हणालो, चांगलं तेल घालत असेल. न्हावी हसला नाही.

घरी येऊन जुनं सामान उघडलं आणि लांब स्क्रूड्रायव्हर काढला. आमच्या धंद्यातला स्टेथोस्कोप हाच. टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला. दुपारी जिन्याजवळच्या भिंतीला लावला. काय सांगू. शेजारच्या खोलीत शिवावं इतकं स्वच्छ. मध्ये दोरा तुटला, माणूस जिभेनं च्च् करून थांबला, दोरा ओवला असणार, परत सुरू. मला मजा वाटली. लोक जुन्या घराचा इतिहास कागदांत शोधतात. मला तो कानानं मिळतोय.

१२ फेब्रुवारी, बुधवार

आता सगळे ओळखू येतात. शिंपी जिन्याजवळच्या भिंतीत. कंपाउंडर मधल्या खोलीत, कोरडा खोकला, खोकून झाल्यावर घसा खाकरतो आणि स्वतःशीच बरं, बरं म्हणतो. बाई माडीवर असतात, टेबलावर पट्टी आपटतात. बहीण सैल चपला घालून इकडून तिकडे, फटक फटक.

सगळं आत्याला जाऊन सांगितलं, तिच्या परड्यामागे, शेळीजवळ, कारण बाई तिथंच बोलते. कंपाउंडरच्या खोकल्याची नक्कल करून दाखवली, बरं, बरं सकट. तिच्या हातातलं भांडं पडलं. म्हणाली, तो मागच्या विहिरीत पडला होता. भर दुपारी. मी या इथंच धुणं धूत होते. माणूस ओरडला असेलच ना, पण मला काही ऐकू आलं नाही, आणि मला तेव्हा मुंगीचा पाय वाजलेला कळायचा. मग माझा हात धरून बोलली की दादा, वाटेल ते कर, त्या भिंतीला कान लावू नकोस. मी थट्टेनं म्हणालो, आत्या, भिंतींना कान असतात हे ठाऊक आहे, मी फक्त परतफेड करतोय. तिनं हात सोडला आणि शेळी घेऊन आत गेली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज एक शास्त्रशुद्ध काम केलं. माझे उस्ताद सांगायचे, आजारी मशीन ऐकण्याआधी निरोगी मशीन ऐक, नाहीतर आजार कशाला म्हणायचं ते कळणार नाही. भिंतीतले आवाज जुने. मग जिवंत माणसाचा आवाज या भिंतीतून कसा येतो? ते माहीत नसेल तर फरक काय कळणार?

म्हणून हिला माडीवर पाठवलं आणि मी खाली भिंतीला स्क्रूड्रायव्हर लावून बसलो. अगं, चाल. चालली. उजव्या टाचेवर जोर पडतो, गुडघ्यामुळे. बांगड्या वाजव. वाजवल्या. खोक, शिंक, भांडं ठेव. शिंक खोटी होती, मग तिचं तिलाच हसू आलं आणि ती हसतच सुटली. तिचं हसणं म्हणजे डबा जिन्यावरून घरंगळत यावा तसं, आमच्या गल्लीत प्रसिद्ध होतं. हसता हसता धाप लागली, छातीत शिट्टी वाजली, तीही मी ऐकली, भिंतीतून. अहो, पुरे झालं का, म्हणाली. मी खालून ओरडलो, झालं, ये, हळू ये, दम लागेल.

भिंतीतून सगळं कसं लख्ख आलं. आणि ती चालत असताना बाकीचे सगळे गप्प होते. शिंपी नाही, खोकला नाही. सगळे जणू ऐकत होते.

१९ फेब्रुवारी, बुधवार

कान गेले की काय? आज ही मागून येऊन खांद्यावर हात ठेवती झाली आणि मी दचकलो. मी, ज्याला तिची टाच गल्लीच्या टोकावरून कळायची. ती हसली. म्हणजे तोंड हसलं.

मग नीट लक्ष दिलं. नळ ऐकू येतो. कावळा, चक्की, लांबची मोटारसायकल, तिची चेन सैल आहे हेही कळतं. ही बोलली की अगदी बारीक, उशीतून यावं तसं ऐकू येतं. तिला सांगितलं तर म्हणाली, ओठांवरून कळलं, म्हातारे झालात.

दुपारी माडीवर बांगड्या वाजल्या. ही माझ्यासमोर बसून तांदूळ निवडत होती.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलीचा फोन. हिच्याकडे दिला. ही भरभरून बोलत होती, हातवारे, मान डोलावणं, सगळं. थोड्या वेळानं मुलीचा आवाज बाहेरपर्यंत आला, आई, बोल ना गं, का रुसलीस? हिनं फोन कानापासून काढून त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

मी स्टीलचा पेला दिला आणि सोड म्हणालो. तिनं सोडला. फरशीवर पडला, घरंगळला, भिंतीला लागून थांबला. काही नाही. मी उचलून सोडला, खणकन वाजला. परत तिनं. काही नाही.

ती खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, पण ती आपल्या हातांकडे कुणा दुसऱ्याचे असावेत तशी बघत होती.

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज ती जाता जाता राहिली.

मी पुढच्या खोलीत होतो. माडीवरून तिच्या छातीची शिट्टी ऐकू आली, मग अहो, अहो पंप. चालू दम्याचा आवाज. पंप घेऊन वर धावलो. माडी रिकामी. शिट्टी मागच्या दाराजवळच्या भिंतीतून येत होती. खाली आलो तर ही स्वयंपाकघरात ओट्याला धरून, ओठ निळे. कधीपासून मला बोलावत होती कोण जाणे. पंप दिला. हात पाठीवर ठेवून बसून राहिलो. आता कानाचा उपयोग नाही, हातानंच कळतं.

मी चालायला लावलं. मी ऐकलं. मी.

२४ फेब्रुवारी, सोमवार

हिला आत्याच्या घरी सोडून तालुक्याला गेलो. न्हाव्यानं सांगितलं होतं की शाळेतल्या बाई अजून आहेत, भाचीकडे राहतात. भाची बँकेत आहे, भली पोरगी. तिनं आत नेलं. बाई खुर्चीत, ताठ. मी कोणत्या घरातून आलो ते सांगितलं. बाईंनी समोरच्या तिपाईवरचं तांब्याचं फुलपात्र उचललं आणि फरशीवर टाकलं.

काही नाही.

भाची म्हणाली, मावशी बरीच वर्षं अशीच आहे. डॉक्टर झाले, सगळं झालं. लिहून सांगते कधी कधी. तिला भिंतीतलं शिलाई मशीन ऐकायचा नाद लागला होता, दुपारभर कान लावून बसायची. मग हे असं झालं. आणि तिची थोरली बहीण, आमची ताईमावशी, त्या मागच्या दारातून पडली. लोक म्हणाले तोल गेला. मावशी म्हणते, ताईला माडीवरून हाक आली होती, ताई वर ये, अशी. मावशीच्या आवाजात. मावशी तेव्हा खाली चुलीपाशी होती. तिनं ताईला जिना चढताना बघितलं, ओरडली.

ओरडली, म्हणजे तोंड उघडलं.

बाईंनी माझा हात धरला, माझ्या कानाला बोट लावलं, मग माझ्या घशाला. मी म्हणालो, कळलं बाई. घर ज्याचा आवाज घेतं त्याच्याच आवाजात हाक मारतं. हिचा घेतला आहे, म्हणजे हिच्या आवाजात मला बोलावणार. मी नाही जाणार. बाई मान हलवत राहिल्या, नाही, नाही अशी. परत घशाला बोट. म्हाताऱ्या आहेत, फार थकल्या होत्या. भाचीनं त्यांना आत नेलं.

येताना स्टँडवर टेम्पोवाला ठरवला. गुरुवारी दुपारी येतो म्हणाला. लवकर कुणी यायला तयार नाही. त्यानं दोनदा विचारलं, काय म्हणालात, जरा मोठ्यानं बोला. स्टँडवर गोंगाट फार.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

हिला कुठं हलवावं तर ती आत्याकडे राहायला तयार नाही. पाटीवर लिहून दाखवलं, तुमच्याजवळच बरं वाटतं. अडाणी हट्ट. माझ्या पायापाशी गादी घातली आहे. तिला सगळं सांगितलं. माडीवरून तिचा आवाज आला तर मी जाणार नाही, तिनं घाबरू नये.

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मग हातानं खूण केली, परत सांगा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी भाजीवाल्याला हाक मारली. लक्ष नाही. पळत जाऊन खांदा धरला तर किंचाळला.

मुलीला फोन केला की उद्या येतोय. ती हॅलो, हॅलो, बाबा, ऐकू येत नाही, म्हणत राहिली. इथं रेंज नाही धड.

दुपारी माडीवर हिच्या टाचा. हसणं. डबा जिन्यावरून — तसंच. मला रडू आलं. इतक्या दिवसांनी ऐकलं. पण उठलो नाही. ही खाली माझ्याजवळ, हात तिच्या पाठीवर. तिचा श्वास जड.

मग हिच्या हसण्यात कुणीतरी मिसळलं. पुरुषाचं खाकरणं. कंपाउंडर नव्हे. शिंपी नव्हे. ओळखीचं वाटलं, पण आठवेना. मला आठवेना, असं कधी होत नाही.

तालुक्याहून आल्यापासून ही माझ्याकडे एकटक बघते. लिहून दाखवलं, तुम्ही मघाशी माडीवर होतात का? नव्हतो. तिनं पाटी पुसली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सामान बांधून दारात. टेम्पो दुपारी येईल. ही आत, जिन्याजवळच्या खोलीत पलंगावर, रात्रभर बसून होती, आत्ता डोळा लागला आहे. मी पुढच्या खोलीत, दार उघडं, इथून पलंगाचा पाय दिसतो. आवाज नाही, म्हणून झोपली असं धरायचं. तिच्या बाबतीत आवाज नसणं म्हणजे —

मागच्या दाराला पट्टी मारायची राहिली. आता काय करायची. जातोच आहोत.

नंतर —

माडी सुरू झाली. हिच्या आवाजात काही नाही आज. मी तयार होतो. काही नाही. पुरुष बोलतोय, दबक्या, प्रेमळ आवाजात. चालतानाच्या पावलात जुनी लंगड आहे, वर्कशॉपात डाव्या पायाच्या अंगठ्यावर मोटार पडली होती तशी. मला ओळख पटते आहे. माझा अंगठा.

माझं खाकरणं होतं ते. कालचं.

बाईंनी घशाला बोट — मी कान लावला. मी. हिचा आवाज घेतला तेव्हा माझाही —

टेबलावर मूठ आपटली. काही नाही.

तो माझ्यासारखा बोलतोय. अगदी मीच. स्वतःचं घोरणं कुणाला ऐकू — म्हणून कळलं नाही.

काय बोलतोय. हळू ये, म्हणतोय. दम लागेल. बस जरा पायरीवर.

कुणाला म्हणतोय? वर कुणी नाही. भिंतीतले ते सगळे गप्प आहेत. शिंपी गप्प. ऐकताहेत.

आता म्हणतोय, शाब्बास. आता ते दार उघड. हवा घे, बरं वाटेल. बोल्ट हलका आहे, मी तेल दिलंय —

पलंगाचा पाय दिसतो. वरची चादर खाली लोंबते आहे. ती